धुराची साक्ष

धूर दिसला की त्याच्या मुळाशी विस्तव असलाच पाहिजे, हे अनुमान आपल्याकडील नैयायिकांनी इतके घोटून ठेवले आहे की, तर्कशास्त्राचा ज्यास गंधही नाही अशा मनुष्याच्या बोलण्यातसुद्धा तो डोंगरावरचा धूर आणि त्याखालचा तो अग्नी सहज येऊन जातात. परंतु त्याच शास्त्रकारांनी ह्या दृष्टांतास जोडून आणखी एक बारकावा सांगितला आहे, व तो मात्र फारसा कोणाच्या स्मरणात राहिलेला दिसत नाही. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, पण त्यातून धूर निघत नाही. अग्नीपासून धूर उत्पन्न होण्यास आणखी एका गोष्टीची जोड लागते, आणि ती म्हणजे ओले सरपण. ह्या जोडीच्या गोष्टीस त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले.

आमच्या आजच्या विषयास हा जुना विचार फार चांगला लागू पडतो. शिडाच्या नौकेच्या पोटात एक लहानसे डिझेल यंत्र बसविलेले असते. एरवी ते मुकाट्याने पडून असते. पण वारा पडला, बंदराच्या अरुंद तोंडातून आत शिरावयाचे असले, किंवा वाराच नौकेस खडकाळ किनाऱ्याकडे ढकलू लागला, म्हणजे त्या यंत्राची आठवण होते. अशा वेळी नौकेच्या मागील अंगाच्या नळीतून काळा, पांढरा अथवा निळसर धूर निघू लागला, तर नाविकाने त्यातून काय समजावे? यंत्रात अग्नी आहे हे तर त्यास ठाऊकच आहे. त्याचा प्रश्न एवढाच की, ओले सरपण कोठे आहे? हा प्रश्न वरकरणी कारागिराचा दिसतो, परंतु त्याच्या पाठीशी सव्वाशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. जो धूर एके काळी सामर्थ्याचा ध्वज म्हणून मिरविला गेला, तोच पुढे दोषाचा पुरावा कसा ठरला, हे एकदा ध्यानात आले की धुराच्या रंगांचे अर्थ पाठ करण्याची गरज उरत नाही. ते आपोआप उलगडू लागतात.

एकोणिसाव्या शतकातील समुद्रावर धुराला मोठा मान होता. वाफेचे जहाज क्षितिजावर यावयाचे ते आधी धुराच्या रेघेच्या रूपाने. धुराडे हे त्या जहाजाचे मुख असे; कंपन्या आपापले रंग त्यावर चढवीत, आणि जितकी धुराडी अधिक तितके जहाज बलवान, असा उतारूंचा समज असे. हा समज इतका रुजला होता की, १९१२ साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’ जहाजास चार धुराडी होती, पण त्यांपैकी चौथ्यातून बॉयलरचा धूर जातच नव्हता. त्याचा उपयोग मुख्यतः हवा खेळती ठेवण्याकडे होत असे. डौल मात्र चारांचा राखला होता. जमिनीवर हाच धूर शहरांच्या उरावर बसला होता. पॅरिसमधील प्राध्यापक माक्सिमिलियाँ रिंगेलमान ह्यांनी १८८८ साली पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांच्या कमीअधिक दाट जाळ्या काढून धुराचा काळेपणा मोजण्याची युक्ती काढली. शून्य म्हणजे स्वच्छ आणि पाच म्हणजे काळाकुट्ट, अशी ती प्रतवारी होय. धुराकडे डौल म्हणून न पाहता वाया गेलेल्या इंधनाची खूण म्हणून पाहण्याची दृष्टी तेव्हापासून हळूहळू रुळू लागली. शिडाच्या नौकेस मात्र ह्या साऱ्या प्रकरणाशी काहीच कर्तव्य नव्हते. तिला चूल होती ती स्वयंपाकापुरती.

अशा काळात रुडॉल्फ डिझेल ह्या तरुण यंत्रज्ञाने आपला विचार मांडला. त्याचा जन्म १८५८ साली पॅरिस येथे जर्मन आईबापांच्या पोटी झाला. म्युनिक येथे त्याने कार्ल फॉन लिंडे ह्यांच्या हाताखाली उष्णतेच्या शास्त्राचा अभ्यास केला, आणि वाफेचे यंत्र कोळशातील शक्तीचा किती थोडा अंश पदरात पाडून देते हे तेथे त्याच्या मनावर ठसले. त्याची कल्पना सांगावयास सोपी होती. नळकांड्यातील हवा दट्ट्याने इतकी दाबावयाची की दाबानेच ती लालबुंद निखाऱ्यासारखी तापावी, आणि मग त्या तापलेल्या हवेत इंधनाचा तुषार सोडावयाचा. ठिणगी नको, ज्योत नको. हवेच्या तापानेच इंधनाने पेट घ्यावा. १८९२ च्या फेब्रुवारीत त्याने स्वामित्वहक्कासाठी अर्ज केला आणि पुढच्या वर्षी आपल्या उपपत्तीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात त्याने अडीचशे वातावरणांपर्यंतच्या दाबाची गोष्ट केली होती. व्यवहारात पुढे त्याला तीसेक वातावरणांवर समाधान मानावे लागले, ही गोष्ट कल्पना आणि लोखंड ह्यांमधील अंतर दाखविण्यास पुरेशी आहे.

ऑग्सबुर्ग येथील यंत्रशाळेत १८९३ च्या ऑगस्टात पहिला प्रयोग झाला. यंत्र स्वतःच्या बळावर चालत नव्हते. कारखान्याच्या पट्ट्याने त्यास फिरवीत असत. आत इंधन सोडताच असा स्फोट झाला की, दाब नोंदविणारे उपकरण फुटून त्याचे तुकडे उडाले. परंतु ठिणगीवाचून इंधन पेटते, एवढे सिद्ध झाले. पुढे १७ फेब्रुवारी १८९४ रोजी तेच यंत्र एक मिनिटभर आपल्या बळावर फिरले. त्या वेळी यंत्रावर लिंडर नावाचा कारागीर काम करीत होता. पट्टा यंत्राला ओढीत नसून यंत्रच पट्ट्याला ओढू लागले आहे, हे प्रथम त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने काही न बोलता डोक्यावरची टोपी काढली, अशी हकीकत डिझेलच्या चरित्रात सांगितली जाते. बरोबर तीन वर्षांनी, १७ फेब्रुवारी १८९७ रोजी, प्राध्यापक मोरित्स श्रोटर ह्यांनी सुमारे वीस अश्वशक्तीच्या एका नळकांड्याच्या यंत्राची रीतसर परीक्षा घेतली. इंधनातील उष्णतेपैकी २६.२ टक्के भाग कामी लागतो असे तीत आढळले. साधी वाफेची यंत्रे ज्या काळी दहा टक्क्यांच्या आसपास घुटमळत होती, त्या काळी हा आकडा मोठाच होता.

हे यश चार वर्षे लांबणीवर का पडले, ह्याचा विचार केला म्हणजे आमच्या विषयाचे मर्म हाती येते. हवा दाबून तापविणे हे अर्धेच काम होते. उरलेले अर्धे, आणि अधिक बिकट, काम म्हणजे क्षणाच्या एका लहानशा अंशात तेलाचा प्रत्येक कण हवेच्या कणाशी गाठ घालून देणे. तेल जाड थेंबांनी पडले तर ते अर्धवट जळून त्याची काजळी होते. हवा पुरेशी तापलेली नसली तर तेल पेटतच नाही व त्याची पांढरी वाफ बाहेर पडते. तेलाचा तुषार बारीक व्हावा म्हणून डिझेलला शेवटी दाबलेल्या हवेच्या झोताची योजना करावी लागली. म्हणजे पुरेशी हवा, पुरेसा ताप, बारीक तुषार आणि नेमकी वेळ ह्या चार गोष्टी एकत्र आल्या तेव्हाच हे यंत्र चालू लागले. आजही त्यांपैकी एखादी निखळली म्हणजे यंत्र धूर सोडू लागते. एका परीने पाहिले तर धुराचा प्रत्येक रंग हा ऑग्सबुर्गच्या प्रयोगशाळेत एकदा जिंकलेली आणि पुन्हा हरलेली लढाई होय.

डिझेल यंत्र समुद्रावर यावयास फार वेळ लागला नाही. १९०३ साली रशियात नोबेल बंधूंच्या कंपनीने ‘वांदाल’ नावाचे तेलवाहू जहाज व्होल्गेच्या जलमार्गावर चालविले. यंत्र उलट फिरत नसल्यामुळे त्याने वीज निर्माण करून तिच्यावर पंखे फिरवावे लागत. पण आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची नौका ती ‘फ्राम’. कॉलिन आर्चर ह्यांनी नान्सेनच्या ध्रुवसफरीसाठी १८९२ साली बांधलेली ही तीन डोलकाठ्यांची शिडाची नौका प्रथम वाफेच्या यंत्राचा आधार घेऊन चालत असे. दक्षिणेच्या सफरीसाठी आमुंडसेनने ती घेतली तेव्हा ते यंत्र काढून त्याच्या जागी स्टॉकहोम येथे तयार झालेले १८० अश्वशक्तीचे डिझेल यंत्र बसविण्यात आले, आणि ते सांभाळण्यासाठी क्नुट सुंडबेक हा स्वीडिश यंत्रज्ञ नौकेबरोबर गेला. १९१० साली ती नौका निघाली आणि १४ डिसेंबर १९११ रोजी आमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला. वाफेच्या यंत्राला तयार होण्यास कित्येक तास लागत आणि तोवर बॉयलरखाली कोळसा जळत राही. डिझेल यंत्र काही मिनिटांत हुकमाला हजर होई, आणि काम संपताच त्याचे खाणे बंद. बर्फात वाट फुटण्याची वाट पाहत थांबणाऱ्या शिडाच्या नौकेस ह्याहून अधिक उपयोगी सोबती कोणता? शीड आणि डिझेल यंत्र ह्यांची जी जोडी आज प्रत्येक बंदरात दिसते, तिचे नाव गाजविणारी पहिली नौका ‘फ्राम’ होय, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१२ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या बुर्माइस्टर आणि वेन ह्या कारखान्यात बांधलेले ‘सेलांडिया’ हे जहाज बँकॉकच्या वाटेस लागले. त्याला धुराडेच नव्हते. यंत्रातून निघणारा वायू मागच्या डोलकाठीतून वर सोडून दिला होता. जहाज लंडनला आले तेव्हा ब्रिटिश आरमाराचे तत्कालीन मंत्री विन्स्टन चर्चिल ते पाहावयास गेले. चार धुराड्यांपैकी एक डौलासाठी मिरविणारे ‘टायटॅनिक’ आणि एकही धुराडे नसलेले ‘सेलांडिया’ ही दोन्ही जहाजे पहिल्या सफरीवर निघाली ती एकाच वर्षी, दोन महिन्यांच्या आतबाहेर! समुद्रावरील धुराचा मान उतरला तो येथे. वाफेच्या जहाजाने धूर सोडला तर ते कामाला लागले आहे असे लोक म्हणत. डिझेलच्या जहाजाने धूर सोडला तर त्याचे काहीतरी बिघडले आहे असे म्हणू लागले.

एवढे झाले तरी लहान नौकेपर्यंत हे यंत्र पोहोचण्यास आणखी दोन दशके लागली. हवेच्या झोतासाठी लागणारा दाबयंत्राचा खटाटोप लहान यंत्रास परवडण्याजोगा नव्हता. नुसत्या पंपाच्या जोरावर तेलाचा तुषार उडविण्याची रीत अनेकांच्या हातून सुधारत गेली, आणि १९२७ साली श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश ह्यांच्या कारखान्यातून असे पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले, तेव्हा ती अडचण दूर झाली. १९३३ साली जपानात मागोकिची यामाओका ह्यांनी ‘यानमार’ ह्या नावाने लहान डिझेल यंत्र तयार केले. आपल्याकडे सातारा रोडच्या कूपर कारखान्यात त्याच दशकात डिझेल यंत्रे होऊ लागली, आणि १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. विहिरीवर टकटक करीत पाणी ओढणारे जे ‘ऑइल इंजिन’ महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या घरचे झाले, त्याचा आणि शिडाच्या नौकेतील यंत्राचा वंश एकच आहे. नौकांना डिझेलची ओढ लागण्यास आणखीही एक सबळ कारण होते. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यामुळे ती नौकेच्या तळाशी साचून राहते आणि एका ठिणगीसरशी नौका उडवून देते. डिझेल तेल इतके भडकू नसते. आग लागली असता पळून जाण्यास जेथे पाण्यावाचून दुसरी जागा नाही, तेथे ह्या गुणाचे मोल काय सांगावे!

शेतातील यंत्र आणि शिडाच्या नौकेतील यंत्र ह्यांचा वंश एक असला तरी त्यांची राहणी फार वेगळी आहे, आणि धुराचे निदान करताना ही राहणी विसरून चालत नाही. नौकेतील यंत्र एका अरुंद, झाकलेल्या खणात कोंडलेले असते. ते क्वचित चालते, आणि चालते तेव्हा पुष्कळदा केवळ विजेच्या घटात वीज भरण्यासाठी, म्हणजे बिनओझ्याचे, रेंगाळत चालते. त्याला थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाते व तेच पाणी निकासनळीच्या कोपरात गरम वायूत मिसळून धुराबरोबर बाहेर टाकले जाते. म्हणून नौकेच्या नळीतून पाणी आणि धूर एकत्रच निघतात. आणि हे दोघे साक्षीदार एकदम बोलू लागल्यामुळे नवख्याचा गोंधळ उडतो.

आता रंगांचा क्रम घेऊ. काळा धूर म्हणजे काजळी, आणि काजळी म्हणजे हवेच्या मानाने जास्त झालेले तेल. अशा वेळी पुष्कळ लोक तेल उडविणाऱ्या पिचकाऱ्यांवर संशय घेऊन यंत्र उघडावयास धावतात. पण शिडाच्या नौकेत अपराधी बहुधा यंत्राच्या बाहेर, पाण्याखाली दडलेला असतो. काही महिने नांगरून पडलेल्या नौकेच्या तळावर व पंख्यावर शेवाळ आणि शिंपलेवजा जीव बसतात; पंखा जड होतो; यंत्राला ठरलेले फेरे गाठता येत नाहीत, आणि ते गाठावे म्हणून त्याचे नियंत्रक अधिकाधिक तेल सोडीत राहते. तेव्हा पहिली परीक्षा ही की, पूर्ण जोर दिला असता यंत्र आपले ठरलेले फेरे घेते काय? घेत नसेल तर आधी पंखा पाहावा. दुसरी परीक्षा खणाचे झाकण उघडण्याची. झाकण उघडताच धूर कमी झाला, तर यंत्र कोंडमाऱ्याने गुदमरत होते हे उघड आहे. तिसरी जागा म्हणजे हवेची गाळणी. आणि चौथी निकासनळीचा कोपर. त्यात काजळी आणि मीठ ह्यांचा थर साचून वाट इतकी अरुंद होते की, जुनी हवा बाहेर पडत नाही म्हणून नवी आत येत नाही. एवढे सर्व निर्दोष ठरले म्हणजे मगच पिचकाऱ्यांकडे वळावे.

पांढरा धूर हा तिघांत अधिक फसवा, कारण एकाच रंगाखाली तीन वेगळ्या गोष्टी वावरतात. पहिली गोष्ट नुसती वाफ. थंडीच्या सकाळी ती सर्वांच्याच नळीतून निघते आणि हवेत चटकन विरून जाते. तिची चिंता करू नये. परंतु उन्हाच्या दिवसातही ती दाट निघू लागली आणि तिच्याबरोबर पडणारे पाणी कमी झाले, तर थंड करणारे पाणीच पुरेसे येत नाही असे समजावे. पाणी आत येण्याच्या तोंडाशी शेवाळ वा प्लास्टिक अडकले असेल, गाळणी भरली असेल, किंवा पंपातील रबरी चाकाच्या पाकळ्या तुटल्या असतील. येथे विलंब घातक आहे, कारण थोड्याच वेळात यंत्र तापून अडकते. दुसरी गोष्ट न जळलेल्या तेलाची वाफ. ती विरत नाही, पाण्यावर रेंगाळते, डोळ्यांना झोंबते आणि मागे पाण्यावर सप्तरंगी तवंग सोडते. यंत्र थंड असताना ती थोडा वेळ निघणे स्वाभाविक आहे. तापल्यावरही निघत राहिली, तर नळकांड्यातील दाब उतरला आहे, तेल सोडण्याची वेळ चुकते आहे, अथवा तेलात पाणी मिसळले आहे. तिसरी गोष्ट अधिक गंभीर, ती म्हणजे नळकांड्यातच पाणी शिरणे. थंड करणाऱ्या गोड्या पाण्याची पातळी कारण न दिसता उतरत असेल, किंवा वंगण दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर ह्या संशयास बळकटी येते. अशा वेळी यंत्र पुन्हा पुन्हा सुरू करून पाहणे म्हणजे दुखणे वाढविणे होय.

येथेच एका अपघाताची सूचना देणे अवश्य आहे. यंत्र सुरू होत नाही म्हणून नाविक कळ दाबून ते बराच वेळ फिरवीत राहतो. प्रत्येक फेऱ्यागणिक पंप समुद्राचे पाणी निकासनळीच्या पेटीत ढकलीत असतो. पण ते बाहेर फेकण्यास लागणारा वायूचा जोर यंत्र पेटलेले नसल्यामुळे उत्पन्न होत नाही. पेटी भरते, पाणी मागे सरते आणि नळकांड्यात उतरते. मूळचा लहानसा दोष अशा रीतीने यंत्राच्या नाशापर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणून यंत्र हट्टास पेटले असेल तेव्हा समुद्राच्या पाण्याची तोटी बंद ठेवावी आणि ते सुरू होताच त्याच क्षणी उघडावी, असा जाणत्यांचा परिपाठ आहे.

निळसर धूर म्हणजे जळणारे वंगण. दट्ट्याच्या कड्या झिजल्या, झडपांच्या वाटा सैल झाल्या, अथवा वंगण प्रमाणाबाहेर भरले, म्हणजे ते जेथे जाऊ नये तेथे जाते. वंगणाची पातळी न भरताच वाढलेली दिसली तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत आहे असे समजून तेथेच थांबावे. पण शिडाच्या नौकेत ह्या रोगाचे एक खास कारण आहे, आणि ते यंत्राच्या झिजेहून मालकाच्या काटकसरीत अधिक असते. यंत्र जपावे म्हणून तो ते नेहमी मंद, बिनओझ्याचे चालवितो. त्यामुळे ते पुरेसे तापत नाही, नळकांड्याच्या भिंतीवर चकाकी चढते, कड्या नीट बसत नाहीत आणि वंगण वर सरकू लागते. जपण्याने बिघडणाऱ्या वस्तू जगात थोड्या आहेत. हे यंत्र त्यांपैकी एक. त्याला वेळोवेळी भरपूर ओझे देऊन चांगले तापू देणे हाच येथे उपचार, आणि तो वेळीच केला तर फुकटचा.

ह्या सर्व विवेचनातून एक नियम निघतो. धूर हा रोग नव्हे, लक्षण होय. आणि लक्षणापासून कारणाकडे जाताना बाहेरून आत व स्वस्ताकडून महागाकडे जावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि बदलल्यावर पुन्हा धुरास विचारावे. बाजारात तेलात मिसळावयाची नाना प्रकारची औषधे मिळतात. कारण न शोधता त्यांनीच धूर लपविण्याचा जो प्रयत्न करतो, तो साक्षीदाराचे तोंड बंद करतो. खटला मात्र तसाच राहतो. आणि समुद्रावरचा निकाल न्यायालयातल्यासारखा तारखांवर तारखा पडून लागत नाही. खडक समोर असताना यंत्र बंद पडले म्हणजे तो तेथेच लागतो.

शिडाच्या नौकेस यंत्राची एवढी गरज काय, असे कोणी विचारील. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ ह्या नौकेतून नौदलाचे दिलीप दोंदे ह्यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० ह्या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी ह्यांनी १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ ह्या काळात त्याच नौकेतून कोठेही न थांबता ती पुरी केली. न थांबता करावयाच्या अशा प्रदक्षिणेत नौका पुढे नेण्यास यंत्राचा आधार घ्यावयाचा नाही, असा नेम असतो. तिला शिडेच नेतात. शिडाचे हे सामर्थ्य कोणीही नाकारणार नाही. पण दूरच्या समुद्रावर दिवे, दिशादर्शक उपकरणे आणि संदेशवहन ह्यांस वीज हवी, आणि बंदरात शिरताना हुकमी चाल हवी. ती सामान्य नाविकास अजूनही बहुतेक वेळा डिझेल यंत्रच देते. विजेवर चालणारी यंत्रे आता नौकांत दिसू लागली आहेत, तरी ह्या जुन्या सोबत्याची रजा अद्याप मंजूर झालेली नाही.

शेवटी पुन्हा नैयायिकांच्या लोखंडी गोळ्याकडे वळू. अग्नी आहे पण धूर नाही, ही स्थिती निर्दोषपणाची खूण मानावयाची काय? ‘सेलांडिया’च्या काळी तसेच मानीत. आज तसे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल यंत्रातून निघणारा वायू मनुष्यास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातला. त्यातील अतिसूक्ष्म कण डोळ्यांना दिसत नाहीत. नायट्रोजनची घातक संयुगे तर जितका अग्नी प्रखर तितकी अधिक होतात. निकासनळीच्या एखाद्या सांध्याला चीर पडून वायू झोपण्याच्या खोलीत झिरपू लागला, तर त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. त्याची साक्ष काढण्यास धूर उपयोगी पडत नाही. त्यासाठी वेगळे सूचक यंत्र खोलीत बसवावे लागते. धूर दिसला तर दोष आहे, हे खरे. धूर दिसत नाही म्हणून दोष नाही, हे खरे नव्हे. नैयायिकांनी अग्नीविषयी दिलेला इशारा येथे दोषाविषयी जसाच्या तसा उपयोगी पडतो.

रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून हार्विचला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ ह्या वाफेच्या जहाजावरून नाहीसा झाला. त्याच्या मृत्यूविषयी तर्क पुष्कळ झाले, निर्णय झाला नाही. ज्याने समुद्रावरील धुराड्यांची सद्दी संपविली, तो स्वतः अखेरचा दिसला तो एका धुराड्याच्या सावलीत. त्याने मागे ठेवलेले यंत्र मात्र आपले बिघाड लपवीत नाही. ते काळ्या, पांढऱ्या, निळ्या अक्षरांत लिहून ठेवते. यंत्र सुरू करताच नौकेच्या मागील कठड्यावरून खाली वाकून, पाणी किती पडते आणि धूर कोणत्या रंगाचा निघतो हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. ही सवय ज्या नाविकाने अंगी बाणविली, त्याला बंदराच्या तोंडाशी यंत्राने दगा दिला असे सहसा घडत नाही. कारण दगा देण्यापूर्वी ते बोललेले असते, आणि त्याने ते ऐकलेले असते.